पागेतून सेनाशिखरापर्यंत : ‘मार्शल’ या शब्दाची आणि आडनावाची कुळकथा

विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या आदेशावरून सभागृहाबाहेर नेतात, ते मार्शल. भारतीय हवाई दलाचे प्रमुख असतात, ते एअर चीफ मार्शल. गंभीर गुन्हा करणाऱ्या सैनिकावर चालवतात, ते कोर्ट मार्शल. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपला सावरणारी ती मार्शल योजना, ज्युदो-कराटेसारख्या विद्या त्या मार्शल आर्ट आणि वेस्ट इंडिजचा भेदक वेगवान गोलंदाज तो माल्कम मार्शल. मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला हा शब्द कधी राजकारणाच्या, कधी संरक्षणाच्या, तर कधी क्रीडेच्या पानावर भेटतो. देवनागरीत सर्वत्र त्याची अक्षरे तीच असतात. साहजिकच हे सारे एकाच घरचे शब्द असावेत आणि त्यांच्या मुळाशी सत्ता, शिस्त किंवा युद्ध असावे, असा समज होतो.

प्रत्यक्षात येथे दोन स्वतंत्र शब्द एकमेकांच्या जागी उभे आहेत. एकाचे मूळ रोमन युद्धदेवतेत आहे. दुसऱ्याचे मूळ घोड्यांच्या पागेत आहे. सेनादलांतील सर्वोच्च हुद्द्यांना ज्याचे नाव मिळाले, तो मार्शल युद्धदेवतेच्या घराण्यातला नाही. तो पागेत घोड्यांना दाणावैरण घालणाऱ्या चाकराचा वारस आहे.

घोडा आणि चाकर

रोमन साम्राज्य मोडकळीला आल्यावर ज्या जर्मनिक टोळ्यांनी आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात सत्ता स्थापन केली, त्यांत फ्रँक ही प्रमुख टोळी होती. ‘मार्शल’चा जन्म या फ्रँकांच्या बोलीतला. या बोलीत ‘मार्ह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. दोन्ही मिळून झालेल्या शब्दाचा अर्थ सरळ होता : घोड्याची चाकरी करणारा माणूस. इंग्रजीत घोडीला आजही ‘मेअर’ म्हणतात. हा शब्द त्याच ‘मार्ह’चा भाऊबंद आहे. टोळ्यांचे कायदे लॅटिनमध्ये लिहिले गेले, तेव्हा या शब्दाला ‘मारिस्काल्कुस’ असे लॅटिन रूप मिळाले. पुढे जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘मारेशाल’ झाला आणि १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर तो फ्रेंच भाषिक राज्यकर्त्यांबरोबर इंग्लंडमध्ये पोहोचला.

या चाकराचा दर्जा सुरुवातीला किती होता, याचा एक बोलका पुरावा अलेमानी या जर्मनिक टोळीच्या आठव्या शतकातील कायद्यात सापडतो. कोणाचा खून झाला तर किती भरपाई द्यायची, याची यादी त्यात आहे. स्वयंपाकी, मेंढपाळ अशा चाकरांच्या बरोबरीने बारा घोड्यांवर देखरेख करणाऱ्या मारिस्काल्कुसचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे तो पागेतला साधा हरकाम्या राहिला नव्हता, त्याच्याकडे थोडी जबाबदारी आली होती. तरीही त्याची गणना चाकरांतच होत होती.

‘स्काल्क’ या शब्दाचे स्वतंत्र आयुष्य मात्र वेगळ्या दिशेने गेले. आधुनिक जर्मन भाषेत ‘शाल्क’ म्हणजे वात्रट, खोडकर माणूस. एकटा ‘चाकर’ लबाड ठरला आणि घोड्याची संगत लाभलेला ‘चाकर’ सेनापती झाला.

या चढतीचे कारण मध्ययुगीन युद्धतंत्रात आहे. चिलखत घातलेला घोडेस्वार हा त्या काळातील सैन्याचा कणा होता. युद्धाचा घोडा अत्यंत महाग असे. त्याचा खुराक, नाल, खोगीर, आजारपण आणि शिकवण यांची व्यवस्था बिघडली, तर मोहीमच अडत असे. त्यामुळे राजाच्या घोड्यांचा हिशेब ज्याच्या हाती, त्याच्याकडे हळूहळू छावणीची मांडणी, स्वारांची रांग, दाणावैरणीचा पुरवठा आणि शेवटी सैन्याची शिस्तही आली. इंग्रजीत ‘मार्शल’ हे क्रियापद झाले, त्याचा अर्थही यातूनच आला. मार्शल करणे म्हणजे विस्कळीत गोष्टी ओळीत लावणे. मालगाडीच्या वाघिणींची जुळवाजुळव होते त्या रेल्वेच्या मार्शलिंग यार्डात हा जुना अर्थ आजही शाबूत आहे.

पद झाले आडनाव

इंग्लंडमध्ये पिढीजात आडनावांची पद्धत नॉर्मन विजयानंतरच्या तीन-चार शतकांत हळूहळू रुजली. कोणाला गावावरून, कोणाला वडिलांच्या नावावरून, तर कोणाला धंद्यावरून आडनाव मिळाले. लोहार तो स्मिथ, शिंपी तो टेलर, कुंभार तो पॉटर आणि गिरणीवाला तो मिलर, ही त्यांतील सर्वपरिचित उदाहरणे. ‘मार्शल’ही याच पंक्तीतला. फरक एवढाच, की स्मिथ किंवा पॉटर म्हणजे कोण याविषयी शंका नसते. मार्शल मात्र एकाच वेळी दोन टोकांची माणसे होती : राजदरबारातील मानकरी आणि गावातला घोड्याचा नाल ठोकणारा.

दरबारातील मार्शलांपैकी सर्वांत गाजलेले नाव विल्यम मार्शल यांचे. त्यांचा जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. त्यांचे आजोबा गिल्बर्ट आणि वडील जॉन हे दोघेही राजाच्या पदरी मार्शल होते. पद पिढीजात झाले आणि त्याचेच आडनाव बनले. ११५२ मध्ये स्टीफन राजाने जॉनच्या गढीला वेढा घातला, तेव्हा पाच-सहा वर्षांचा विल्यम राजाकडे ओलीस होता. शरण न आल्यास मुलाला ठार करू, असा निरोप गेला. आपल्यापाशी हातोडा आणि ऐरण शाबूत आहे, याहून चांगले मुलगे आपण घडवू, असे उत्तर बापाने पाठवल्याचे विल्यमच्या पद्यचरित्रात नमूद आहे. मार्शल घराण्यातील माणसाच्या तोंडी लोहारकामाची उपमा यावी, हेही लक्षणीय. राजाला मुलाची दया आली आणि विल्यम वाचला.

हाच मुलगा पुढे चार राजांच्या सेवेत राहिला. जॉन राजाने १२१५ मध्ये मान्य केलेली मॅग्ना कार्टा ही सनद पोपने काही आठवड्यांतच रद्दबातल ठरवली होती. १२१६ मध्ये जॉन मरण पावला आणि नऊ वर्षांचा तिसरा हेन्री गादीवर आला, तेव्हा राज्याचा कारभार वृद्ध विल्यम यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी सनदेची सुधारित आवृत्ती १२१६ मध्ये आणि पुन्हा १२१७ मध्ये जारी केली. मॅग्ना कार्टा इतिहासजमा झाली नाही, याचे मोठे श्रेय या निर्णयाला दिले जाते. १२१७ मध्येच, सत्तरीच्या घरात असताना, लिंकनच्या लढाईत ते स्वतः घोड्यावर बसून उतरले. १२१९ मध्ये त्यांचे निधन झाले. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

आडनावाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा. विल्यम यांना पाच मुलगे होते. ते एकामागून एक वडिलांच्या गादीवर आले आणि १२४५ पर्यंत पाचही जण औरस संततीविना मरण पावले. मार्शलपद थोरल्या मुलीच्या सासरी, बिगॉड घराण्यात गेले. पुढे अनेक हस्तांतरांनंतर ते हॉवर्ड घराण्यात आले आणि १६७२ पासून नॉरफोकच्या ड्यूककडे ‘अर्ल मार्शल’ हे पद वंशपरंपरेने आहे. सप्टेंबर २०२२ मधील राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांची अंत्ययात्रा आणि ६ मे २०२३ रोजीचा राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक, या दोन्ही सोहळ्यांची मांडणी अठराव्या ड्यूकनी अर्ल मार्शल या नात्याने केली. कोण कोणाच्या मागे चालेल हे ठरवणारा आजचा मानकरी आणि घोडे रांगेत उभे करणारा जुना चाकर यांचे काम मुळात एकच आहे.

पद हॉवर्डांकडे राहिले. मग आजचे असंख्य मार्शल कोठून आले?

लंडनचे नालबंद

त्याचे उत्तर गावोगावच्या नालबंदांच्या दुकानांत सापडते. मध्ययुगीन इंग्रजीत घोड्याला नाल मारणाऱ्याला आणि त्याच्यावर औषधोपचार करणाऱ्यालाही मार्शलच म्हणत. १३५६ मध्ये लंडनच्या महापौरांनी शहरातील नालबंदांना बोलावून घेतले. अडाणी लोकांच्या हातून घोड्यांना इजा होत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यातून या कारागिरांची जी संघटना उभी राहिली, तिचे नाव ‘लंडन शहराचे मार्शल’ असे होते. तीच आजची नालबंदांची ‘वर्शिपफुल कंपनी ऑफ फॅरिअर्स’. पुढे इंग्रजीत या धंद्याला लॅटिनमधील लोखंडवाचक शब्दावरून आलेले ‘फॅरिअर’ हे नाव रूढ झाले आणि मार्शल या शब्दाचा हा अर्थ मागे पडला. आडनावात मात्र तो टिकून राहिला. मार्शल आडनावाच्या बहुसंख्य कुटुंबांचा मूळपुरुष सरदार असण्यापेक्षा ऐरणीपाशी राबणारा कारागीर असण्याचीच शक्यता अधिक.

इतर भाषांनी दोन्ही अर्थ जपले आहेत. फ्रेंचमध्ये ‘मारेशाल’ म्हणजे सर्वोच्च लष्करी मानकरी, तर ‘मारेशाल-फेराँ’ म्हणजे आजचाही नालबंद. इटालियन भाषेत ‘मारेशालो’ हा लष्करी हुद्दा आहे आणि ‘मनिस्काल्को’ हा नाल ठोकणारा. एकाच फ्रँक शब्दाची ही दोन अपत्ये शेजारी-शेजारी नांदतात.

चढलेला मार्शल, उतरलेला कॉन्स्टेबल

मार्शलच्या या कथेला एक जोडकथा आहे. ‘कॉन्स्टेबल’ हा शब्दही पागेतलाच. उत्तरकालीन रोमन दरबारात ‘कोमेस स्टाबुली’ म्हणजे पागेचा प्रमुख सरदार, असे एक पद होते. त्याचाच अपभ्रंश कॉन्स्टेबल. फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल हा सेनेचा प्रमुख होता आणि मार्शल त्याच्या हाताखाली. फ्रान्सचे पहिले मार्शल म्हणून आल्बेरिक क्लेमाँ यांची ११८५ मध्ये नियुक्ती झाली. तेव्हाही ही उतरंड कायम होती. १६२७ मध्ये फ्रान्समधील कॉन्स्टेबलपदच रद्द झाले आणि मार्शलला वाट मोकळी झाली. इंग्लंडमध्ये कॉन्स्टेबल हा शब्द उतरत उतरत गावच्या शांततारक्षकापर्यंत आणि पुढे पोलिस शिपायापर्यंत आला. चौकात उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलचा पूर्वज एकेकाळी मार्शलचा वरिष्ठ होता, हे आज सांगूनही पटणार नाही.

नेपोलियनने १८०४ मध्ये सम्राटपद घेताच अठरा सेनानींना मार्शलपदाने गौरवले. त्याच्या कारकीर्दीत ही संख्या २६ पर्यंत गेली. त्यांत मुरा हा खाणावळवाल्याचा मुलगा होता, ने हा पिंपे बनवणाऱ्याचा मुलगा होता आणि लान हा मुळात रंगाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करणारा होता. चाकराचे नाव धारण करणारे पद पुन्हा एकदा कष्टकऱ्यांच्या मुलांकडे आले, असेच म्हणावे लागेल.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाने १७३६ मध्ये ‘फील्ड मार्शल’ हा हुद्दा निर्माण केला. पहिल्या महायुद्धात स्वतंत्र हवाई दल उभे राहिल्यावर त्याच्या अधिकाऱ्यांसाठी १९१९ मध्ये नवी हुद्दानामे ठरवण्यात आली आणि एअर मार्शल, एअर चीफ मार्शल ही नावे अस्तित्वात आली. ज्या सेनादलात घोड्याला काही कामच नव्हते, त्याच्या श्रेष्ठींना घोड्याच्या चाकराचे नाव मिळाले. भारताने ही नामावली ब्रिटिशांकडून घेतली. सॅम माणेकशा यांना १९७३ मध्ये आणि के. एम. करिअप्पा यांना १९८६ मध्ये फील्ड मार्शल हा हुद्दा देण्यात आला. हवाई दलात पंचतारांकित मार्शल हा मान २००२ मध्ये अर्जन सिंग यांना मिळाला. महाराष्ट्राशी नाते असलेल्या हवाई दलप्रमुखांत २००९ ते २०११ या काळातील प्रदीप नाईक आणि २०२१ ते २०२४ या काळातील नांदेड जिल्ह्याचे सुपुत्र विवेक राम चौधरी यांचा समावेश होतो. या दोघांची आडनावेही हुद्द्यावरूनच आलेली आहेत. नाईक ही तर आजही भारतीय सेनेतील कनिष्ठ श्रेणी आहे. ‘एअर चीफ मार्शल नाईक’ या तीन-चार शब्दांत दोन भूखंडांतील सैनिकी इतिहास एकवटला आहे.

मार्शलचा अर्थ सर्वत्र लष्करी राहिला असे नाही. अमेरिकेत १७८९ च्या कायद्याने संघीय न्यायालयांचे आदेश बजावणारे मार्शल नेमले गेले. पोलंडमध्ये कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षालाच मार्शल म्हणतात. भारतात मात्र विधिमंडळातील मार्शल हा अध्यक्षांचा आदेश अमलात आणणारा कर्मचारी असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेतील मार्शलना लष्करी धाटणीचा गणवेश आणि टोपी देण्यात आली, तेव्हा निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि सभापती वेंकय्या नायडू यांना फेरविचाराचे आदेश द्यावे लागले. मुंबईकरांना महापालिकेने नेमलेले ‘क्लीन-अप मार्शल’ आठवत असतील. रस्त्यावर थुंकणाऱ्यांकडून आणि करोनाच्या साथीत मास्क न लावणाऱ्यांकडून त्यांनी दंड वसूल केला. एका अर्थी हा शब्द तेथे आपल्या मूळ कामावर, म्हणजे साफसफाई आणि शिस्त यांवर परत आला होता.

दुसरा ‘मार्शल’

आता दुसऱ्या शब्दाकडे. ‘कोर्ट मार्शल’, ‘मार्शल लॉ’ आणि ‘मार्शल आर्ट’ यांतील मार्शलचा घोड्याशी संबंध नाही. रोमन युद्धदेवता मार्स हिच्या नावापासून ‘युद्धाचे, युद्धाशी संबंधित’ या अर्थाचे लॅटिन विशेषण झाले आणि त्यातून हा शब्द आला. मंगळ ग्रहाचे आणि मार्च महिन्याचे इंग्रजी नावही याच देवतेवरून. इंग्रजीत दोन्ही मार्शलांचे उच्चार सारखे असले, तरी स्पेलिंग वेगळे असते. पागेतल्या मार्शलमध्ये ‘शा’साठी एस आणि एच ही अक्षरे येतात, तर युद्धाच्या मार्शलमध्ये टी आणि आय. आडनावाला बहुधा शेवटी दोन एल जोडलेले असतात. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिते, त्यामुळे हे तिन्ही भेद मराठीत पुसले जातात.

हा भेद केवळ स्पेलिंगपुरता असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. मात्र या दुसऱ्या मार्शलच्या खुणा महाराष्ट्राच्या इतिहासात खोल उमटल्या आहेत. महात्मा गांधी यांच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापुरात असंतोषाचा भडका उडाला. काही दिवस ब्रिटिश प्रशासनाचा शहरावरील ताबा सुटल्यासारखा झाला. १२ मे रोजी सरकारने तेथे मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा पुकारला. या काळातील घटनांवरून चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सोलापूरला ‘हुतात्म्यांचे शहर’ म्हणतात ते यामुळे.

‘मार्शल रेस’ ही ब्रिटिशांची कल्पना याच शब्दावर उभी होती. काही जाती-जमाती जन्मतः लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, असे ठरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे धोरण आखले गेले. त्यापूर्वी ब्रिटिशांच्या मुंबई सैन्यात मोठ्या संख्येने असलेल्या महार सैनिकांची भरती १८९० च्या दशकात थांबवण्यात आली. ज्यांच्या आदल्या पिढ्यांनी पलटणीत नोकरी करून निवृत्तिवेतन घेतले होते, त्यांच्या मुलांना पलटणीचे दार बंद झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे याच सैनिकी परंपरेतले. भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी अर्ज-विनंत्यांचा लढा अनेक वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. एका इंग्रजी विशेषणात कोण बसतो आणि कोण नाही, यावर हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून होती.

दोन्ही मार्शल एकाच व्यक्तीत भेटल्याचे उदाहरण शेजारी देशात सापडते. पाकिस्तानात १९५८ मध्ये मार्शल लॉ जारी झाला. त्याचे मुख्य प्रशासक जनरल अयुब खान सत्ताधीश झाले आणि १९५९ मध्ये फील्ड मार्शलही बनले. मराठीत ही दोन वाक्ये एकापुढे एक लिहिली, तर मार्शल लॉ पुकारतो म्हणूनच मार्शल म्हणत असावेत, असे वाटेल. मुळात त्यांतील एक शब्द रोमन देवळातला आहे, तर दुसरा फ्रँक पागेतला.

आडनाव काय सांगते, काय सांगत नाही

मार्शल आडनावाची माणसे इतिहासात ठायी ठायी भेटतात. भारतीय पुरातत्त्व विभागाचे १९०२ ते १९२८ या काळातील महासंचालक सर जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये सिंधू संस्कृतीच्या शोधाची वार्ता जगाला दिली. या संस्कृतीच्या लोकांना घोडा माहीत होता का, हा पुढे विद्वानांच्या वादाचा विषय झाला. घोड्याच्या चाकराचे आडनाव लावणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला ही संस्कृती यावी, हा योगायोगच. १७८८ मध्ये प्रशांत महासागरातून जाणाऱ्या कॅप्टन जॉन मार्शल यांचे नाव तेथील बेटांना मिळाले. त्याच मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. अमेरिकी सेनाप्रमुख आणि नंतर परराष्ट्रमंत्री झालेले जॉर्ज मार्शल यांनी जून १९४७ मध्ये युरोपच्या पुनर्बांधणीची कल्पना मांडली. ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली आणि १९५३ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘मार्शल मार्शल’ असे विचित्र संबोधन होऊ नये म्हणून अमेरिकेने १९४४ मध्ये पंचतारांकित हुद्द्याला मार्शल हे नाव दिले नाही, असा किस्सा अमेरिकेत सांगितला जातो.

मात्र याच आडनावाची एक जोडी आडनावांविषयीच्या सोप्या निष्कर्षांना थांबवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे १८०१ ते १८३५ या काळातील सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ च्या निकालाने घटनाबाह्य कायदे रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार प्रस्थापित केला. त्यांच्या मालकीचे गुलाम होते. त्याच न्यायालयात १९६७ मध्ये थर्गुड मार्शल हे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश म्हणून दाखल झाले. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल त्यांनी वकील म्हणून मिळवला होता. त्यांचे पणजोबा गुलाम होते. दोघांचे आडनाव एक, न्यायालय एक, पण वारसा अगदी भिन्न. अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांत गुलामांच्या वंशजांकडे जी इंग्रजी आडनावे आली, त्यांतील बरीच मालकांच्या घराण्यांवरून पडलेली होती. अशा आडनावात पूर्वजाचा धंदा शोधणे व्यर्थ असते. फार तर, पूर्वजावर हक्क सांगणाऱ्या कोणाचे तरी नाव त्यात सापडते. कोशात दिलेला आडनावाचा अर्थ हा शब्दाचा इतिहास असतो. तो माणसाचा इतिहास असेलच, असे नाही.

आपल्याकडील पागा

मराठी वाचकाला ही कुळकथा परकी वाटण्याचे कारण नाही. शिवकालीन घोडदळाच्या रचनेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. अलेमानी कायद्यातील बारा घोड्यांच्या मार्शलशी याचे साम्य उघड आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि साऱ्या सैन्यावर सरनोबत. घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार, त्याला शिकवणारा चाबुकस्वार आणि पागेचा हिशेब लिहिणारा पागनीस, अशी ही उतरंड होती. यांपैकी शिलेदार, सरनोबत, चाबुकस्वार, पागनीस आणि नालबंद ही आडनावे महाराष्ट्रात आजही आढळतात. शब्दार्थ काटेकोरपणे पाहिला, तर लंडनच्या एखाद्या मार्शलचा खरा आडनावबंधू म्हणजे आपल्याकडचा नालबंद.

पदांच्या चढउताराचे चित्रही तेच आहे. पंचवीस बारगिरांचा प्रमुख असलेला हवालदार आज पोलिस ठाण्यात कॉन्स्टेबलच्या शेजारी बसतो. दोघांचीही वाट घोडदळातूनच तेथवर आली. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या पारशी समाजाने तर इंग्रजी धंदेवाचक शब्दच आडनाव म्हणून स्वीकारले. क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टर आणि फारुख इंजिनीयर यांच्या आडनावांमुळे ही पद्धत घराघरांत पोहोचली. इंग्लंडमध्ये काही शतके चाललेली प्रक्रिया मुंबईत दोन-तीन पिढ्यांत घडली.

युद्धाचा घोडा इतिहासजमा झाला. नालबंदाचे दुकानही शहरातून जवळपास दिसेनासे झाले. तरी दरवर्षी ८ ऑक्टोबरला हवाई दलाच्या संचलनात विमाने ओळीत झेपावतात आणि दलाचे प्रमुख मानवंदना स्वीकारतात, तेव्हा त्यांच्या हुद्द्यात तो जुना घोडा असतो आणि त्याच्यासमोर दाणावैरण ठेवणारा चाकरही. यापुढे मराठी मजकुरात ‘मार्शल’ हा शब्द आला, तर वाचकाने एकच प्रश्न विचारावा : हा मार्शल पागेतला, की मार्सच्या देवळातला? हुद्दा किंवा पदाधिकारी असेल तर पागेतला. कायदा, न्यायालय किंवा कला असेल तर देवळातला. आणि आडनाव असेल, तर शब्दाचे मूळ पागेतच असेल. माणसाचे मूळ मात्र त्याच्या घराण्यालाच विचारावे लागेल.